सव्वाशे वर्षांचा पाऊस आणि आपला लॅपटॉप

२६ जुलै २००५ चा पाऊस मुंबईकराला वेगळा सांगावा लागत नाही. सांताक्रूझ वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला ७५ मिलिमीटरही पडला नाही. आता भारतीय हवामान खात्याची २००५ सालची दैनिक पर्जन्याची फाइल उघडा आणि २६ जुलै काढा. तो प्रलय तिथे नाही, तो २७ जुलैच्या नोंदीत आहे. आपल्याकडे पाऊस मोजण्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, आणि आदल्या सकाळपासून साचलेला सगळा पाऊस त्या सकाळच्या तारखेवर लिहिला जातो. त्यामुळे २६ च्या दुपारी कोसळलेले पाणी २७ च्या नावावर जमा झाले. बरे, २७ तारीख काढली तरी ९४४ हा आकडा दिसेल अशी अपेक्षा धरू नये. ही फाइल म्हणजे देशभर टाकलेली पाव अंशाची जाळी आहे. मुंबईच्या अक्षांशावर तिचा एक चौकोन अंदाजे २८ किलोमीटर लांब आणि २६ किलोमीटर रुंद भरतो. सांताक्रूझ आणि कुलाबा ही दोन्ही ठिकाणे १९ अंश उत्तर, ७२.७५ अंश पूर्व या एकाच बिंदूच्या चौकोनात येतात. एकीकडे ढगफुटीसारखा पाऊस, दुसरीकडे नेहमीचा पावसाळी दिवस, आणि जाळीत मात्र दोघांच्या वाट्याला मिळून एकच आकडा.

पावसाच्या आकड्यांशी काम करणाऱ्याला अशा गोष्टी माहीत हव्यात, पण नुसत्या माहीत असून भागत नाही. तारीख कोणती धरली, चौकोन कसा निवडला, गणित कोणत्या पॅकेजच्या कोणत्या आवृत्तीने केले, हे सगळे संगणकावर अशा रीतीने मांडून ठेवावे लागते की दोन वर्षांनी, दुसऱ्या गावी, दुसऱ्या माणसाने तीच आज्ञा दिली तर तेच उत्तर यावे. हे पुस्तक त्या मांडणीविषयी आहे. हवामानबदलाचे शास्त्र शिकवणारी पुस्तके आहेत, पायथन शिकवणारीही भरपूर आहेत. या दोहोंच्या मधली जागा मात्र रिकामीच राहिली आहे. होतकरू विद्यार्थ्याचे पहिले दोन-तीन आठवडे तिथेच जातात, आणि त्यातले कितीतरी जण तिथूनच परत फिरतात. हे मला मनापासून खटकते. माझ्या मते संगणकावरची मांडणी ही संशोधनाआधी उरकायची हमाली नाही, ती संशोधनाचाच भाग आहे. एखाद्या तालुक्यातला पाऊस बदलला आहे असे कोणी म्हणतो, तेव्हा ते विधान तपासता येणे किंवा न येणे या मांडणीवर ठरते.

उदाहरणांसाठी मी मुख्यतः हवामान खात्याचा पाव अंशाचा दैनिक पर्जन्यसंच घेतला आहे. तो पुण्यात तयार झाला. शिवाजीनगरला ज्या चौकाला पुणेकर सिमला ऑफिस म्हणतात, तिथल्या कचेरीचे हे काम. खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आले म्हणून इमारतीला ते नाव पडले. पुढे मुख्यालय दिल्लीला गेले, नाव राहिले. सिमल्याच्या काळात गिल्बर्ट वॉकर यांनी मान्सूनचा जगभरच्या हवेच्या दाबाशी असलेला संबंध शोधला. ती प्रचंड आकडेमोड कचेरीतल्या भारतीय कर्मचाऱ्यांनी हाताने केली होती. आज तसे गणित साधा लॅपटॉप काही सेकंदांत करतो. मात्र त्या कागदांवर कोणी काय केले ते ओळीने दिसत असे, आणि आपल्या लॅपटॉपवर ते आपोआप दिसत नाही. दिसेल अशी व्यवस्था करावी लागते.

हा संच १९०१ पासूनचा आहे आणि दर वर्षाची एक फाइल आहे. फाइलमध्ये आकडे आहेत, आकड्यांखेरीज काहीच नाही. शीर्षक नाही, एकक नाही, अक्षांश-रेखांश नाहीत, तारीखही नाही. रेखांशाचे १३५ बिंदू, अक्षांशाचे १२९, दिवस ३६५ आणि प्रत्येक आकड्याला ४ बाइट: गुणाकार २,५४,२५,९०० येतो. फाइलचा आकार बरोबर एवढा असला पाहिजे, लीप वर्षी २,५४,९५,५६०. डाउनलोड अर्धवट तुटले असेल तर ते या एका आकड्यावरून कळते, म्हणून पुस्तकातला पहिला कोड पावसाला हात न लावता फक्त बाइट मोजतो. त्यानंतर आकड्यांची घडी उलगडायची: दिवस, मग दक्षिणेकडून उत्तरेकडे अक्षांश, मग पश्चिमेकडून पूर्वेकडे रेखांश. इथे १२९ आणि १३५ यांची अदलाबदल झाली तरी पायथन कुरकुर करत नाही, कारण गुणाकार तोच राहतो. नकाशा काढला की भारत तिरका फाटलेला दिसतो, आणि तो दिसला तर आपले नशीब. नकाशा न काढता थेट सरासरी काढणाऱ्याला काहीच कळणार नाही. मुंबईच्या त्या पावसाची शोधायची नोंदच सांगतो: २७ जुलै हा बिगर-लीप वर्षातला २०८ वा दिवस. पायथन शून्यापासून मोजते, म्हणून दिवस २०७, अक्षांशाची ओळ ५०, रेखांशाचा स्तंभ २५.

आणखी एक खाच उणे ९९९ ची. भारताच्या सीमेबाहेर आणि समुद्रावर, जिथे आकडा नाही तिथे, उणे ९९९ भरलेले असते. ते झाकायचे राहिले आणि सरासरी उणे आली, तर चूक लगेच पकडता येते. खरा धोका किनाऱ्यावर आहे. जाळी एका मापावरून दुसऱ्या मापावर नेताना कोकणच्या चौकोनात शेजारच्या समुद्राचे उणे ९९९ मिसळते. बाराशे मिलिमीटरच्या महिन्यात थोडे उणे मिसळले, तर उरलेला आकडा खोटा असूनही पटण्याजोगा दिसतो. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोव्याचा किनारा, जिथे पाऊस भरपूर, तिथेच ही चूक सर्वात बेमालूम लपते. म्हणून फाइल वाचताक्षणी पोकळ जागा झाकायच्या, अक्षांश-रेखांश-तारीख-एकक चिकटवायचे आणि सगळे नेटसीडीएफ स्वरूपात ठेवायचे, हा या पुस्तकातला ठाम आग्रह आहे. नेटसीडीएफ हे अमेरिकेतल्या बोल्डर येथील युनिडेटाने घडवलेले स्वरूप. त्यात आकडा आणि आकड्याची ओळख एकाच फाइलमध्ये राहते, आणि सीएफ संकेत पाळले तर कोणतेही सॉफ्टवेअर ती ओळख वाचू शकते.

आता यंत्राकडे वळू. हवामानाच्या कामाला लागणारी पायथनची पॅकेजेस वरून पायथनची दिसतात, पण त्यांच्या पोटात सी आणि फोर्ट्रानमध्ये लिहिलेली जुनी, भक्कम ग्रंथालये असतात. नेटसीडीएफच्या खाली एचडीएफ५, ग्रिब फाइल वाचणाऱ्या सीएफग्रिबच्या खाली ईसीकोड्स, नकाशे काढणाऱ्या कार्टोपायच्या खाली प्रोज, जाळी बदलणाऱ्या एक्सईएसएमएफच्या खाली ईएसएमएफ. पिप या पायथनच्या नेहमीच्या साधनाने एकेक पॅकेज आणले की त्यातली काही आपापली एचडीएफ५ सोबत घेऊन येतात. एकाच प्रोग्रॅममध्ये दोन वेगवेगळ्या आवृत्त्या समोरासमोर आल्या की अर्थ न लागणारी एरर येते. नवशिक्याला वाटते आपलेच चुकले. चुकलेली असते ती फक्त जुळणी. म्हणून इथे कॉन्डा वापरला आहे, कारण तो पायथनबरोबर ही खालची ग्रंथालयेही एकमेकांशी जुळवून आणतो. त्यातही मिनिफोर्ज घ्यावे. ते जगभरच्या स्वयंसेवकांनी सांभाळलेल्या कॉन्डा-फोर्ज या मुक्त चॅनेलवरून पॅकेजेस आणते. अ‍ॅनाकोंडा कंपनीच्या मूळ चॅनेलला मोठ्या संस्थांसाठी शुल्काच्या अटी आहेत, आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत कोणीतरी सहज इन्स्टॉल करून टाकण्याआधी त्या वाचलेल्या बऱ्या. पूर्वी कॉन्डा पॅकेजेसची जुळणी शोधताना फार वेळ खात असे. माम्बा या पर्यायी साधनाने ते काम झपाट्याने करून दाखवले, आणि २०२३ पासून त्याचाच सॉल्व्हर, म्हणजे जुळणी शोधणारा भाग, कॉन्डामध्ये मुळातूनच आहे. जुन्या अनुभवावरून कॉन्डाला नाक मुरडणाऱ्यांनी पुन्हा एकदा पाहावे.

प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र एन्व्हायरन्मेंट करा, हा सल्ला सगळेच देतात. कारण क्वचितच सांगितले जाते, म्हणून एक उदाहरण देतो. जुन्या नोटबुकांत 'एनपी डॉट फ्लोट' असे सर्रास लिहिलेले असे. नमपाय या आकडेमोडीच्या पॅकेजच्या १.२४ आवृत्तीतून ते काढून टाकले गेले. ज्याने एकाच सामायिक पायथनमध्ये नवीन कामासाठी नमपाय अद्ययावत केले, त्याचा आधीच्या वर्षीचा प्रबंधाचा कोड त्या दिवसापासून बंद पडला. आकडे तेच, कोड तोच, पण चालत नाही. २०२४ मध्ये नमपाय २.० आले आणि पुन्हा तीच तारांबळ उडाली. स्वतंत्र एन्व्हायरन्मेंट असेल तर जुने काम जुन्या आवृत्त्यांसह आपल्या जागी शाबूत राहते. त्याची यादी वायएमएल फाइलमध्ये लिहून ठेवायची. यादीत नुसती नावे नकोत, आवृत्त्याही हव्यात. आणि काम प्रसिद्ध करायचे असेल तर कॉन्डा-लॉकने प्रत्येक पॅकेज, त्याच्या खालचे प्रत्येक ग्रंथालय, सगळे गोठवून ठेवायचे. याला काही मिनिटे लागतात. परीक्षकाने वर्षभराने प्रश्न विचारला की ती मिनिटे वसूल होतात.

या सगळ्याच्या मध्यभागी एक्सअ‍ॅरे आहे. स्टीफन होयर यांनी क्लायमेट कॉर्पोरेशन या कंपनीत असताना हे पायथन पॅकेज लिहायला घेतले आणि २०१४ मध्ये खुले केले. त्याआधी आपण '५० वी ओळ, २५ वा स्तंभ' असे मोजत बसायचो. एक्सअ‍ॅरेत '१९ अंश, ७२.७५ अंश, २७ जुलै' असेच मागता येते. ही नुसती सोय नाही. कोड वाचणाऱ्याला आपण काय मागितले ते कळते, म्हणून चूकही दिसते.

मेमरीबद्दल विद्यार्थ्यांच्या मनात नाहक भीती असते. १९०१ ते २०२४ या १२४ वर्षांचा भारतभरचा दैनिक पाऊस तीन-सव्वातीन जीबीत बसतो. आठ जीबी रॅमच्या लॅपटॉपला तो पेलतो, पण अंदाज चुकला तर अडतो: गणिताच्या ओघात चार बाइटांचा आकडा आठ बाइटांचा झाला की सव्वातीनचे साडेसहा होतात, मधली एक प्रत तयार झाली की यंत्र गोठते. इथे डास्क उपयोगी पडते. ते डेटा तुकड्यांत वाचते आणि लागेल तेवढाच मेमरीत आणते. तुकडे कसे पाडायचे हे मात्र प्रश्नावरून ठरवावे लागते. एका दिवसाचा देशभरचा नकाशा हवा असेल तर वेळेनुसार तुकडे पाडा. प्रत्येक बिंदूचा शतकभराचा कल हवा असेल तर जागेनुसार पाडा, म्हणजे एका बिंदूची सगळी वर्षे एकत्र राहतील. उलटे पाडले तर उत्तर बरोबरच येते, पण यंत्राला एकेका बिंदूसाठी सगळ्या फाइली पुन्हा पुन्हा चाळाव्या लागतात. डास्क संथ आहे अशी तक्रार ऐकली की मी आधी तुकड्यांची दिशा विचारतो.

पर्जन्यमापकांच्या नोंदींबाहेर पाऊल टाकले की घड्याळ आणि एकके बदलतात. युरोपीय हवामान केंद्राचा ईआरए५ हा संच १९४० पासूनचा, तासातासाचा, जगभराचा. त्यातला पाऊस मीटरमध्ये असतो, वेळ ग्रिनिचची असते, आणि प्रत्येक नोंद त्या क्षणी संपणाऱ्या तासाची असते. आपली सकाळची साडेआठ म्हणजे तिथले ३ वाजलेले. म्हणून २७ जुलैच्या भारतीय नोंदीशी तुलना करायची तर ईआरए५ मधल्या २६ जुलैच्या ४ वाजल्यापासून २७ जुलैच्या ३ वाजेपर्यंतच्या चोवीस नोंदींची बेरीज घ्यायची आणि १००० ने गुणायचे. ग्रिनिचच्या मध्यरात्रीपासून बेरीज घेतली तर मुसळधार पावसाचा दिवस दोन दिवसांत विभागला जाऊ शकतो, आणि मग 'अतिवृष्टीचे दिवस' मोजणारा सगळा तक्ताच सरकतो. हवामानाच्या प्रारूपांच्या सीएमआयपी६ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात पाऊस दर सेकंदाला दर चौरस मीटरवर किती किलो असा दिलेला असतो. ८६,४०० ने गुणले की दिवसाचे मिलिमीटर मिळतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे, म्हणजे आयआयटीएमचे, प्रारूपही या प्रकल्पात आहे, आणि भारतातून त्यात सहभागी झालेले ते पहिले. काही परदेशी प्रारूपांचे वर्ष ३६० दिवसांचे असते, प्रत्येक महिना तीस दिवसांचा. त्यात ३० फेब्रुवारी ही खरीखुरी तारीख आहे. नेहमीची पायथन तारीख तिथे अडखळते. सीएफटाइम हे पॅकेज यादीत का आहे, असे विचारणाऱ्यांना हे उत्तर.

ईआरए५ उतरवताना आधी भारताचा चौकोन कापून मागा. एका घटकाची एका वर्षाची जगभराची तासवार नोंद चार बाइटांच्या आकड्यांत ३६ जीबीच्या आसपास जाते. भारतापुरता चौकोन घेतला तर तीच पाऊणएक जीबीच्या आत राहते. तालुक्याच्या गावी मोबाइलच्या इंटरनेटवर काम करणाऱ्यासाठी हा फरक म्हणजे काम होणे आणि न होणे. डाउनलोडची तारीखही लिहून ठेवा. अलीकडच्या काही महिन्यांचा ईआरए५ तात्पुरता असतो आणि पुढे त्याची जागा अंतिम आकडे घेतात.

फोल्डरांची रचना, गिट, कळफलकावरच्या युक्त्या यांवर पुस्तकात थोडक्यात लिहिले आहे. एक नियम मात्र ठळक केला आहे: मूळ डेटाचा फोल्डर उतरवताक्षणी फक्त वाचण्यापुरता करून टाकायचा. त्यात कोणताही कोड काहीही लिहिणार नाही. सीएफग्रिबला मूळ फाइलीशेजारी स्वतःची सूची ठेवायची सवय आहे, ते तिथे तक्रार करेल. त्याची सूची दुसरीकडे कशी वळवायची ते दिले आहे, पण त्याच्यासाठी कुलूप काढू नका. ईआरए५ उतरवायला लागणारी कोपर्निकस सेवेची किल्ली ज्या फाइलमध्ये असते ती गिटमध्ये चढवायची नाही, आणि विंडोजच्या नोटपॅडने तिच्या नावापुढे डॉट टीएक्सटी जोडले नाही ना, तेही पाहायचे. 'किल्ली बरोबर आहे तरी चालत नाही' या तक्रारीमागे ते शेपूट वरचेवर सापडते.

महासंगणकाविषयीचे प्रकरण सर्वात लहान आहे. पुण्यात आयआयटीएममध्ये २०२४ पासून ११.७७ पेटाफ्लॉप्स क्षमतेचा 'अर्क' आहे. 'परम' हा महासंगणकही याच शहरात सीडॅकने घडवला. ही आपल्या अभिमानाची यंत्रे आहेत, आणि हवामानाचे प्रारूप चालवायला ती लागतातच. तयार आकडे वाचून एखाद्या जिल्ह्याचा पाऊस समजून घ्यायला ती लागत नाहीत. तशी संधी मिळालीच तर तिथे प्रशासकाचे अधिकार आपल्याकडे नसतात, म्हणून डॉकरऐवजी अ‍ॅपटेनर वापरावे लागते, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

मांडणीवर इतका भर का, याचे खरे कारण इथे सांगायला हवे. हवामान खात्याचा जुना एक अंशाचा संच १,८०३ केंद्रांवर उभा आहे. १९५१ ते २००३ या काळात ज्यांच्या किमान ९० टक्के नोंदी उपलब्ध होत्या, तीच केंद्रे त्यात घेतली. २००६ मध्ये मध्य भारतातल्या अतिवृष्टीच्या घटना वाढत असल्याचे पुणे आणि बंगळुरूच्या संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात मांडले, ते याच नोंदींवरून. पाव अंशाच्या संचात ६,९५५ केंद्रे आहेत, पण ती सगळी रोज नोंद देत नाहीत आणि कार्यरत केंद्रांची संख्या वर्षागणिक बदलते. पहिल्यात केंद्रे कमी पण सातत्य जास्त. दुसऱ्यात तपशील जास्त पण पाया हलता. पर्जन्यमापक वाढले की आधी निसटणारी अतिवृष्टी पकडली जाते, आणि आलेखात ती पाऊस वाढल्यासारखी दिसू शकते. दोन प्रामाणिक माणसे दोन संच घेऊन दोन वेगळी उत्तरे देऊ शकतात. त्यांनी आपापली वाट लिहून ठेवली असेल तर त्या उत्तरांमधला फरक हेच ज्ञान ठरते. लिहिली नसेल तर उरतो नुसता वाद. आणि आपल्याकडे हे वाद कागदावर राहत नाहीत. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की नाही यावर अतिवृष्टीचे पंचनामे ठरतात, पावसात खंड किती दिवसांचा पडला यावर हवामानावर आधारित विम्याची भरपाई ठरते. जाळीचा चौकोन एखाद्या तालुक्याएवढा असतो; मंडळातल्या एका शिवाराचा न्याय तो करू शकत नाही, आणि त्याच्याकडून तो करवून घेणे चुकीचे आहे, हेही मी तितक्याच स्पष्टपणे सांगेन. पण तालुक्याचे शतक समजून घ्यायला त्याच्याइतके दुसरे साधन सर्वसामान्य माणसाच्या हाती नाही. लातूरच्या शिक्षिकेने, साताऱ्याच्या पत्रकाराने, शेतकऱ्याच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या वकिलाने हे आकडे स्वतः उघडावेत आणि तज्ज्ञाच्या विधानाला तज्ज्ञाच्याच भाषेत प्रश्न विचारावा, या इच्छेने हे पुस्तक मराठीत लिहिले आहे.

वाचायला सुरुवात करण्याआधी डिस्कवर ४० जीबी जागा मोकळी ठेवा. प्रकल्पाच्या फोल्डरच्या नावात रिकामी जागा किंवा देवनागरी अक्षरे नकोत. काही जुनी साधने तिथे अडतात. विंडोज वापरणाऱ्यांनी दुसरे प्रकरण वगळू नये. सीडीओ आणि एक्सईएसएमएफ लिनक्सच्या घरची साधने आहेत, आणि विंडोजमध्येच लिनक्स चालवणाऱ्या डब्ल्यूएसएलमध्ये ती विनातक्रार चालतात. लिनक्स किंवा मॅक असेल तर थेट तिसऱ्यावर जा. प्रत्येक उदाहरणासोबत त्याची लॉक फाइल आणि यायला हवे ते उत्तर दिले आहे. तुमचे उत्तर जुळले नाही तर प्रकाशकांच्या पत्त्यावर जरूर लिहा, आणि सोबत तीन गोष्टी पाठवा: यंत्राची माहिती, तुमची लॉक फाइल आणि डेटा उतरवल्याची तारीख. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती तिथूनच सुरू होईल.